गजकर्णाची गोळी आणि हृदयाचा ठोका



पावसाळा लागला की माझ्या ओपीडीत दोन प्रकारचे पेशंट वाढतात, तापाचे आणि खाजेचे. मांडीच्या सांध्यात, कंबरेला, स्तनांखाली लाल चकंदळं. गजकर्ण, नायटा, काहीही म्हणा, बुरशीच ती. दहा-पंधरा वर्षांपूर्वी साध्या मलमाने तीन आठवड्यांत जायची, आता महिनोन् महिने जात नाही. त्यामुळे बुरशीवरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या घरोघरी पोचल्या आहेत. शेजारणीला लागू पडली म्हणून आपणही घेतली, मुलीच्या उरलेल्या होत्या म्हणून आईने घेतल्या, असं सर्रास चालतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. साठी ओलांडलेल्या एक मावशी, बीपीच्या जुन्या पेशंट. दोन दिवस उलट्या-जुलाब झाले होते. सकाळी बेसिनपाशी उभ्या असताना कोसळल्या, मिनिटाभरात शुद्धीवर आल्या. मुलगा घेऊन आला. त्याच्या मते अशक्तपणा, मावशींच्या मते पित्त. मलाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण साठीनंतर शुद्ध हरपली की ईसीजी काढायचा हा माझा नियम आहे, म्हणून काढला. त्यावरचं एक अंतर, ज्याला आम्ही क्यूटी म्हणतो, ते भलतंच लांबलेलं होतं.

"मावशी, कुठली औषधं चालू आहेत?"

"बीपीची. तुम्हीच दिलेली."

"आणखी?"

"उलटीची. मेडिकलमधून आणली ह्याने."

"आणखी काही?"

"काही नाही हो."

तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलाने आठवण करून दिली, "आई, ती खाजेची?" मावशी म्हणाल्या, "ते कातडीचं आहे. त्याचा काय संबंध?"

त्यांना तडक मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रक्तातलं पोटॅशियम बरंच कमी निघालं. सलाइनमधून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दिलं, दोन्ही वरकड गोळ्या बंद केल्या, तीन दिवसांनी ईसीजी जागेवर आला. मावशी ठीक आहेत.

"त्याचा काय संबंध?" हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. कारण पस्तीस-एक वर्षांपूर्वी याचं उत्तर डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. ते कसं कळलं ही गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. आधी ते क्यूटी प्रकरण समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

मोरी तुंबली की

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्याच्या स्नायूंमधून विजेची एक लाट जाते. ती कागदावर नीट उतरवून दाखवली नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हन यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरातलं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. पेशंटने हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचं. आज आम्ही छातीवर चिकटवतो त्या पट्ट्यांचं काम तेव्हा बादल्या करत होत्या. ईसीजीवरच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली तीही आइंटहोव्हन यांनीच. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं.

यातलं क्यूपासून टी संपेपर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. हृदयाच्या खालच्या मोठ्या कप्प्यांत वीज आली, स्नायू आवळले आणि मग ती वीज उतरून पेशी पुन्हा तयार झाल्या, एवढ्याला लागणारा हा वेळ. ठोके जलद असले की तो कमी भरतो, म्हणून नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करून तो मोजतात. हा दुरुस्त आकडा पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत चालतो. ५०० च्या वर गेला की आमची झोप उडते.

वीज उतरते म्हणजे काय? पेशीतलं पोटॅशियम बाहेर निघून जातं. न्हाणीघराची मोरी डोळ्यांसमोर आणा. बादलीभर पाणी ओतलं, मोरीतून निघून गेलं, फरशी मोकळी झाली, मग दुसरी बादली. पोटॅशियमच्या वाटा म्हणजे या मोऱ्या. मोरीत केसांचं बुचकं अडकलं तर पाणी हळूहळू जातं आणि पहिलं पाणी ओसरायच्या आत दुसरी बादली पडते. हृदयात असं झालं की एखादा ठोका अवेळी, पेशी अर्धवट तयार असतानाच उठतो आणि सगळी लय बिघडते. कप्पे नुसतेच फडफडतात, रक्त पुढे ढकललं जात नाही, मेंदूला पुरवठा थांबतो आणि माणूस कोसळतो.

या बिघडलेल्या लयीला नाव दिलं पॅरिसच्या फ्रांस्वा देसर्तेन यांनी, १९६६ साली. त्यांची पेशंट ८० वर्षांची बाई होती, तिला वारंवार चक्कर येऊन शुद्ध जात होती. तिच्या ईसीजीवरची टोकं एका रेषेभोवती पीळ घातल्यासारखी वर-खाली फिरत होती, सुंभाची दोरी वळावी तशी. फ्रेंचमध्ये त्यांनी त्याला टोकांचा पीळ या अर्थाचं नाव दिलं, टॉर्साद द प्वांत. जगभरचे डॉक्टर आजही तेच नाव वापरतात, उच्चार प्रत्येकाचा वेगळा. ही लय पुष्कळदा आपोआप थांबते आणि माणूस उठून बसतो. सगळे म्हणतात, अशक्तपणा होता. कधी मात्र थांबत नाही, आणि मग वेळेवर विजेचा झटका देणारं कोणी जवळ नसेल तर माणूस जातो.

औषधांनी असं होऊ शकतं याची कल्पना तोवर आलेली होती. सिंकोनाच्या सालीपासून निघणारं क्विनिडिन हे औषध हृदयाचे अनियमित ठोके ताळ्यावर आणण्यासाठी देत, आणि ते घेणारे काही पेशंट अचानक बेशुद्ध पडत. पण ते पडलं हृदयाचंच औषध. हृदयाच्या औषधाने हृदयाला त्रास होऊ शकतो हे समजण्यासारखं आहे. सर्दीच्या गोळीने?

न झोपवणारी गोळी

शिंका, नाक गळणं, अंगावर गांध्या उठणं यांवरच्या जुन्या गोळ्यांनी माणूस पेंगायचा. गाडी चालवणाऱ्याला, मशिनवर काम करणाऱ्याला त्या देताना भीती वाटायची. टर्फेनाडिन हे झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध आलं तेव्हा डॉक्टरांना हायसं वाटलं. अमेरिकेत १९८५ साली त्याला मंजुरी मिळाली आणि बघता बघता ते प्रचंड खपलं. ब्रिटनमध्ये तर ते चिठ्ठीशिवाय दुकानात मिळायचं. आपल्याकडेही आलं. मी रेसिडेंट होतो तेव्हा वॉर्डात आणि ओपीडीत आम्ही ते हातचं न राखता लिहायचो. मीही लिहिलं आहे, आणि सोबत पेशंट आणखी काय घेतोय हे दरवेळी विचारलं होतं असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता बेथेस्डाला जाऊ. अमेरिकेच्या राजधानीला लागून असलेल्या या गावी नौदलाचं मोठं रुग्णालय होतं. तिथे ३९ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. दोन दिवसांपासून तिला घेरी येत होती, शुद्ध जात होती. दहा दिवसांपूर्वी तिला टर्फेनाडिन, ६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि सोबत सेफाक्लोर नावाचं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. दोन्ही नेहमीच्याच मात्रेत. हृदयविकार नाही, घराण्यात काही नाही. मॉनिटर लावला तर दुरुस्त क्यूटी निघाला ६५५ मिलिसेकंद, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्या पडद्यावर देसर्तेन यांचा तो पीळ उमटू लागला.

डॉक्टरांनी तिला खोदून विचारलं. तेव्हा कळलं की टर्फेनाडिन सुरू केल्यावर आठव्या दिवशी तिने आपल्या मनाने आणखी एक गोळी चालू केली होती. योनीमार्गात बुरशीचा संसर्ग झाला होता, त्यावर केटोकोनाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. बायकांच्या या दुखण्याची गोळी सर्दीच्या डॉक्टरला कोण सांगतं? आपल्या मावशींपेक्षा ती काही वेगळं वागली नव्हती.

त्या डॉक्टरांनी पुढे जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. योगायोग म्हणून सोडून न देता त्यांनी तिच्या रक्तातलं टर्फेनाडिन मोजलं. एरवी ही गोळी गिळल्यावर आतड्यातून यकृतात जाते, तिथे जवळजवळ सगळीच्या सगळी बदलून दुसरा पदार्थ तयार होतो आणि तोच ॲलर्जीवर काम करतो. मूळ टर्फेनाडिन रक्तात सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. या बाईच्या रक्तात मात्र मूळ औषध भरपूर होतं आणि बदललेलं त्या मानाने कमी. म्हणजे यकृताने आपलं काम थांबवलं होतं. डॉ. मोनाहन आणि सहकाऱ्यांनी ही हकिकत डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापली.

बुरशीचा नातेवाईक यकृतात

यकृताचं काम थांबवलं कोणी, हे बघायचं तर बुरशीच्या औषधांकडे वळायला हवं.

बुरशी मारणं हे जंतू मारण्यापेक्षा अवघड असतं. जंतूची पेशी आपल्या पेशीहून खूप वेगळी असते, त्यामुळे त्याला मारताना आपल्याला धक्का लागत नाही. बुरशीची पेशी मात्र घडणीने आपल्या बरीच जवळची. म्हणून कित्येक वर्षं आमच्याकडे हत्यारं मोजकीच होती. कातडी-नखांसाठी ग्रिसिओफल्विन, आणि शरीरात आत पसरलेल्या बुरशीसाठी शिरेतून द्यायचं ॲम्फोटेरिसिन. हे दुसरं दिलं की थंडी वाजून हुडहुडी भरते, मूत्रपिंडांवर ताण येतो. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांनी या इंजेक्शनसाठी गावोगाव वणवण केली, ते नाव तुम्हाला आठवत असेल. ते शरीरातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही बाहेर घालवतं, म्हणून ते देताना रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

अशा काळात १९८१ साली अमेरिकेत केटोकोनाझोलच्या गोळीला मंजुरी मिळाली. ती शोधली होती बेल्जियममधल्या पॉल यान्सेन यांच्या कंपनीने. तोंडाने घ्यायची आणि अनेक प्रकारच्या बुरशीवर चालणारी गोळी, ही तेव्हा खरोखर मोठी गोष्ट होती.

बुरशीच्या पेशीचं आवरण टिकायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो बनवायच्या एका टप्प्यावर बुरशी एक एन्झाइम वापरते. केटोकोनाझोल त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं, आवरण कच्चं राहतं, बुरशी वाढत नाही. हे एन्झाइम सायटोक्रोम पी-४५० नावाच्या एका फार जुन्या, मोठ्या कुळातलं आहे. हे कुळ बुरशीत आहे, झाडांत आहे, आणि आपल्या यकृतातही आहे. यकृतातले या कुळाचे सभासद आपण गिळलेली औषधं मोडून निकालात काढतात. त्यांतला सर्वांत कामसू सभासद म्हणजे ३ए४. आपल्या कितीतरी औषधांचा निचरा तो एकटा बघतो. आणि टर्फेनाडिन बदलून टाकणाराही तोच.

चोराला पकडायला पाठवलेल्या पोलिसाने चेहरा मिळताजुळता म्हणून त्याच्या सरळमार्गी चुलतभावालाही बेड्या घालाव्यात, तसा हा प्रकार. बुरशीचं एन्झाइम अडवायला निघालेलं औषध यकृतातलं ३ए४ ही अडवून बसलं. हा गोळी बनवताना राहिलेला दोष नव्हता. ज्या गुणामुळे ती बुरशी मारते, त्याच गुणाची ही दुसरी बाजू होती. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही नंतरची भावंडंही कमी-अधिक प्रमाणात तेच करतात. नावाच्या शेवटी 'कोनाझोल' आलं की हे नातं लक्षात ठेवा. खाजेवरचं टर्बिनाफिन या घराण्यातलं नाही, ते ३ए४ ला त्रास देत नाही.

बेथेस्डामधल्याच संशोधकांनी १९९३ मध्ये याची खातरजमा केली. सहा निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर टर्फेनाडिन दिलं आणि मग त्यात केटोकोनाझोलची भर घातली. सहाही जणांच्या रक्तात मूळ टर्फेनाडिन दिसू लागलं, क्यूटी लांबला. ईसीजीत इतके बदल झाले की केटोकोनाझोलचा ठरलेला कोर्स फक्त दोघांनाच पूर्ण करता आला. माणसं धडधाकट, मात्रा नेहमीची, आणि बदल काही दिवसांत.

माशी नाचली

एक कोडं अजून शिल्लक होतं. मूळ टर्फेनाडिन साचलं हे खरं, पण त्याने हृदयात नेमकं काय केलं? याचं उत्तर एका माशीपासून सुरू होतं, आणि मला हा भाग सांगायला फार आवडतो.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात फळमाशांवर संशोधन चालू होतं. सडक्या केळ्यांवर घोंघावतात त्याच या बारीक माशा. काही माशांना ईथर देऊन बेशुद्ध केलं की त्यांचे पाय थरथर हलत राहायचे. तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका क्लबातला 'गो-गो' नाच जोरात होता. संशोधकांनी त्या जनुकाचं नाव गमतीने 'ईथर-अ-गो-गो' ठेवलं. पुढे १९९४ मध्ये माणसात त्याच्यासारखं जनुक सापडलं, आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या यूटामधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे जनुक हृदयातली पोटॅशियमची एक महत्त्वाची वाट तयार करतं. काही घराण्यांत तरुण मुलं क्यूटी लांबून अचानक दगावत, त्यांतल्या काहींत हेच जनुक बिघडलेलं होतं.

म्हणजे आपल्या उदाहरणातली मोरी सापडली. या मोरीचं तोंड आतून जरा ऐसपैस आहे, त्यामुळे नाना आकारांची औषधं तिथे जाऊन अडकतात. टर्फेनाडिन अडकतं, यकृतातून बदलून बाहेर पडलेलं मात्र अडकत नाही. बुरशीच्या गोळ्यांमधल्या काही स्वतःही या मोरीत थोड्याफार अडकतात. अशी गोळी दुहेरी काम करते. दुसऱ्या औषधाचा निचरा थांबवते आणि स्वतःही मोरीवर बसते.

टर्फेनाडिनचं यकृतात जे रूप तयार होतं तेच वेगळं करून औषध म्हणून देता येईल, हे इथून उघड झालं. ते फेक्सोफेनाडिन. अमेरिकेत १९९६ साली त्याला मंजुरी मिळाली. तुमच्यापैकी कित्येक जण ते ॲलर्जीसाठी घेतही असतील. बिनधास्त घ्या, ती मोरीत न अडकणारी गोळी आहे.

पत्रं आणि चौकटी

यापुढचा भाग मला कमी आवडतो. धोका कळल्यावर तो थांबायला किती वेळ लागला ते बघा.

अमेरिकेत ऑगस्ट १९९० मध्ये डॉक्टरांना पत्रं गेली. जुलै १९९२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा आला. तरी दोन्ही औषधं एकत्र दिली जात राहिली. १९९६ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या ५० औषधदुकानांत एक प्रयोग झाला. टर्फेनाडिन आणि ३ए४ ला अडवणारं एरिथ्रोमायसिन, अशा दोन चिठ्ठ्या एकदम दिल्या. सुमारे एक तृतीयांश दुकानांनी एक अक्षर न बोलता दोन्ही गोळ्या हातात ठेवल्या. काळी चौकट येऊन चार वर्षं झाली होती! टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं ते १९९८ च्या सुरुवातीला, फेक्सोफेनाडिन हाताशी आल्यानंतर.

त्यापाठोपाठ दोन औषधं गेली. ॲलर्जीचं ॲस्टेमिझोल १९९९ मध्ये, आणि जळजळ-पोटफुगीवरचं सिसाप्राइड २००० मध्ये. सिसाप्राइडबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे १९९९ अखेरपर्यंत हृदयाची लय बिघडल्याच्या ३४१ नोंदी जमल्या होत्या, त्यांत ८० मृत्यू. गंमत म्हणा की दुर्दैव, ॲस्टेमिझोल आणि सिसाप्राइड हीदेखील केटोकोनाझोल शोधणाऱ्या त्याच बेल्जियन कंपनीची. मोरीत अडकणारी औषधं आणि निचरा थांबवणारी औषधं एकाच छपराखाली जन्मली होती. तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं, हेही खरं. आपल्याकडे टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोलवर बंदी आली २००३ मध्ये. सिसाप्राइडवर २०११ मध्ये.

खुद्द केटोकोनाझोलच्या गोळीचं काय झालं? २०१३ मध्ये युरोपने ती मागे घ्यायला सांगितली आणि अमेरिकेने तिचा वापर अगदी आवळला, पण मुख्य कारण यकृताला होणारी इजा हे होतं. केटोकोनाझोलचा शाम्पू आणि मलम आजही आहेत. कातडीवरून ते रक्तात नगण्य जातं, त्यामुळे कोंड्याचा शाम्पू वापरणाऱ्यांनी हा लेख वाचून घाबरू नये.

या सगळ्यातून एक मोठा बदल झाला. २००५ पासून नव्या औषधाला मंजुरी मागताना ते क्यूटी लांबवतं का हे तपासून दाखवण्याचे आंतरराष्ट्रीय निकष लागू झाले. बाजारात येणारी नवी औषधं ही चाळणी ओलांडून येतात. इसाव्हुकोनाझोल हे याच घराण्यातलं नवं औषध तर उलट क्यूटी थोडा आखूड करतं.

जुनी औषधं मात्र चाळणीच्या आधीची आहेत आणि ती आपल्या घरात आहेत.

मावशींची पिशवी

मावशींच्या बाबतीत काय घडलं ते आता तुम्हीच सांगू शकाल. खाजेची गोळी होती इट्राकोनाझोल, ३ए४ ला जोरात अडवणारी. उलटीची होती डॉम्पेरिडोन. हेही त्याच बेल्जियन कंपनीत जन्मलेलं, सिसाप्राइडच्या जवळपासचं काम करणारं, ३ए४ कडून निचरा होणारं आणि मोरीत थोडंफार अडकणारं. एकटं, थोड्या दिवसांसाठी, कमी मात्रेत दिलं तर बहुतेकांना काही होत नाही. इट्राकोनाझोलसोबत ते देऊ नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे. बीपीसाठी मी दिलेल्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने पोटॅशियम उतरतं. उरलंसुरलं उलट्या-जुलाबांनी नेलं. पोटॅशियम कमी झालं की मोरीचा निचरा आणखी मंदावतो. त्यात वय साठीपुढचं, आणि बाईचं हृदय. स्त्रियांचा क्यूटी मुळात थोडा लांब असतो, हा पीळही त्यांच्यातच जास्त दिसतो. चार-पाच लहान गोष्टी, प्रत्येक आपापल्या जागी किरकोळ. एकत्र आल्या आणि मावशी बेसिनपाशी आडव्या झाल्या.

आणि हो, त्यांतली एक गोळी माझ्या चिठ्ठीतली होती.

म्हणून तुम्हाला काही गोष्टी विचारतो. बुरशीची पोटात घ्यायची गोळी चालू असेल, तर सोबत उलटीचं किंवा ॲसिडिटीचं औषध आहे का? ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं, पाकिटावर नाव वाचा. ॲझिथ्रोमायसिन किंवा 'फ्लॉक्सासिन' शेपटीचं अँटिबायोटिक? मनाच्या आजाराची, हृदयाच्या ठोक्यांची गोळी? लघवी जास्त करणारी गोळी? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? यांतलं काहीही असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते गरजेप्रमाणे ईसीजी आणि पोटॅशियम बघतील. इट्राकोनाझोलची आणखी एक बाब आहे. ते हृदयाच्या आकुंचनाचा जोरही कमी करू शकतं. अमेरिकेत २००१ मध्ये तसा इशारा देण्यात आला, त्यामुळे हार्ट फेल्युअरच्या पेशंटने नखाच्या बुरशीसाठी ते घेऊ नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या अर्धे पेशंट गोळ्या फेकून देतील. धडधाकट माणसाने डॉक्टरांनी दिलेली फ्लुकोनाझोलची १५० ची एक गोळी घेतली, तर हृदयाला धोका नगण्य. आणि काळ्या बुरशीसारख्या आजारात ही औषधं जीव वाचवतात, तिथे आम्ही ईसीजीवर नजर ठेवून ती देतोच. चालू औषध मनाने थांबवू नका. मात्र ते घेत असताना घेरी आली, छातीत फडफडलं, शुद्ध हरपली, तर लिंबू-सरबत पाजून झोपवू नका. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका आणि जिथे ईसीजी निघतो तिथे त्याच वेळी घेऊन जा. सगळ्या पट्ट्या. कातडीच्यासुद्धा.

मावशी गेल्या महिन्यात तपासणीला आल्या होत्या. टेबलावर पिशवी उपडी केली. बीपीची बदलून दिलेली गोळी, कॅल्शियम, गुडघ्याचं तेल, सुनेची थायरॉइडची रिकामी पट्टी आणि खोकल्याच्या दोन चघळायच्या गोळ्या. "सगळं आणलंय," म्हणाल्या, "आता विचारा काय विचारायचं ते." पोटॅशियम व्यवस्थित आहे. गजकर्ण अजून पुरतं गेलेलं नाही, त्याला सध्या फक्त मलम चालू आहे.